दुरुस्ती थंबनेलवरच झाली पाहिजे

होतकरू कॉमिक्स-चित्रकार शाई केलेली पाच-सहा पानं घेऊन येतो आणि विचारतो, "कशी झालीत?" चुका दिसत असतात, पण त्या सुधारायच्या तर पान नव्यानं काढावं लागेल, आणि एकेका पानामागे त्याचे दोन-तीन दिवस गेलेले असतात. मग शिकवणारा भिडेपोटी "छान आहे, शरीररचनेवर थोडी मेहनत घे" म्हणतो आणि पोरगा होता तिथेच राहतो. म्हणून कुणालाही हाताखाली घेताना पहिली अट घालावी: आधी थंबनेल दाखवायचं, मगच मोठ्या कागदाला हात लावायचा.

थंबनेल म्हणजे तळहातात मावेल एवढं, साधारण दोन बाय तीन इंचांचं अख्ख्या पानाचं कच्चं रेखाटन. एका पानाची तीन वेगवेगळी मागावीत. पहिल्यात बहुतेक वेळा कुठेतरी पाहिलेलंच उतरतं, दुसरं हट्टानं वेगळं केलेलं असतं, तिसऱ्यापासून खरा विचार सुरू होतो. एकाला दहा मिनिटं पुरतात. जास्त लागत असतील तर तो बोटं आणि नाकं घोटत बसलाय असं समजावं आणि खोडरबर काढून घ्यावं.

तपासताना आधी फुगे बघायचे. संवादाच्या जागी नुसता गोल काढलेला चालत नाही, प्रत्यक्ष शब्द लिहायला लावायचे. नाहीतर पंचवीस शब्दांच्या फुग्याला पाच शब्दांची जागा मिळते आणि उरलेलं वाक्य नायकाच्या कपाळावर येतं. सगळ्यात नेहमीची चूक अशी: चौकटीत आई डावीकडे, मुलगा उजवीकडे, आणि पटकथेत आधी मुलगा बोलतो. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. लेटरिंग करणारा, म्हणजे फुग्यांत अक्षरं बसवणारा, मग मुलाचा फुगा वर चढवतो, आईचा खाली दाबतो, फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. थंबनेलमध्ये पात्रांच्या जागा बदलायला अर्धं मिनिट लागतं. फक्त त्याच प्रसंगातल्या पुढच्या-मागच्या चौकटीही तपासायच्या, कारण आई एका चौकटीत डावीकडे आणि लगेच पुढच्यात उजवीकडे दिसली की वाचक गोंधळतो.

दुसरा दोष चिकटलेल्या रेषांचा. दाराची कड नेमकी गालाच्या रेषेला येऊन टेकते किंवा डोंगराचा माथा डोक्यावर टोपीसारखा बसतो. मग पुढे काय आणि मागे काय, ते डोळ्याला उमगत नाही. एक तर स्पष्ट झाकायचं, नाहीतर स्पष्ट अंतर ठेवायचं. पात्रं पूर्ण काळी भरून बघायला सांगावं. आकृती ओळखू आली नाही तर तपशील घालूनही ती सुधारत नाही.

दुरुस्ती कायम वर ट्रेसिंग पेपर ठेवून करावी, मुलाच्या रेषेवर आपली पेन्सिल चालवू नये. एक चौकट आपण सोडवून दाखवावी, तसाच दोष असलेली दुसरी त्याच्याकडून सोडवून घ्यावी. एका बैठकीत तीनच दोष काढावेत. दहा काढले की तो सगळीकडे आपल्यासारखं काढू लागतो, आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही.

शाईच्या टप्प्यावर एकच सवय लावावी: छापील आकारात प्रिंट काढून बघायची. अमेरिकी पद्धतीत ११ बाय १७ इंचांच्या बोर्डावर साधारण १० बाय १५ इंचांत चित्र काढतात आणि ते छापताना जवळपास दोन तृतीयांश होतं. मोठ्या कागदावर देखणं दिसणारं दाट हॅचिंग, म्हणजे जवळजवळच्या रेषांनी केलेली छाया, तिथे बुजून काळा डाग होतो. रेषाचित्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावं, म्हणजे कडा दातेरी येत नाहीत.

वेगाचंही आधीच बोलावं. मासिक अंकाची पानं वीस-बावीस, म्हणजे जवळपास रोज एक पान. त्यामुळे सरावाला सुटी देखणी चित्रं न देता चार पानांची पूर्ण गोष्ट द्यावी, तारखेसकट. पोर्टफोलिओतही संपादक आधी हेच बघतो की संवाद झाकले तरी गोष्ट कळते का.

जपानमध्ये मांगाकारांकडे, म्हणजे तिथल्या कॉमिक्स-चित्रकारांकडे, सहायक म्हणून राहून शिकण्याची पद्धत आहे. चौकटींच्या रेषा, काळे भाग भरणं, टोन (ठिपक्यांच्या करड्या छटा), पार्श्वभूमी अशा क्रमानं काम हाती येतं. 'वन पीस'कार एइचिरो ओदानं 'रुरोनी केन्शिन'कार नोबुहिरो वात्सुकीकडे असं काम केलं होतं. यातला धोका उघड आहे: वर्षानुवर्षं इमारती काढणाऱ्याला पात्रं हलवता येत नाहीत. अमेरिकेत ज्यूल्स फायफर १९४६ मध्ये चित्रकार विल आयझ्नरकडे सहायक म्हणून लागला, पुढे आयझ्नरच्या वृत्तपत्रांसोबत येणाऱ्या 'द स्पिरिट' या कॉमिक्स-पुरवणीच्या पटकथा लिहू लागला, आणि १९४९ मध्ये त्याला त्याच पुरवणीत एक पान स्वतःच्या 'क्लिफर्ड' या चित्रमालिकेसाठी मिळालं. सहायकाला द्यायची गोष्ट ती हीच, त्याचं स्वतःचं पान. ते रोजच्या कामाच्या वेळेतच बसवावं, रात्रीवर ढकलू नये.

बाकीचं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावं: पानामागे किती पैसे, ते कधी मिळणार, नाव कुठे आणि कोणत्या कामासाठी छापलं जाणार, मूळ पान कुणाकडे राहणार. छापायला जाणाऱ्या पानावर त्याचा हात लागला असेल तर ते काम आहे, "शिकायला मिळतंय" हा त्याचा मोबदला नव्हे.