भुलेश्वर रांग, नोंद सातवी: मागच्या चाकाची गळती सापडली

संध्याकाळी २४ पीएसआय हवेचा दाब भरलेले माझ्या सायकलचे मागचे चाक सकाळी ९ वर आलेले असते, हे दुखणे मी गेल्या दोन नोंदींत सांगितले होते आणि त्याचे सगळे खापर सराट्यावर, म्हणजे माळावरच्या एका वेलीच्या काटेरी फळावर, फोडले होते. ते निदान चुकले होते. तीन दिवसांपूर्वी रात्री गळतीचे मूळ हाती लागले. बोपदेव ते भुलेश्वर या आपल्या रांगेवर जे कोणी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेली) चाके घेऊन फिरतात, त्यांनी चौथ्या नोंदीतला माझा एक सल्ला, टायरमध्ये घुसलेला काटा उपटू नये हा, लांब काट्यांपुरता आजपासून सोडून द्यावा, हे सांगण्यासाठीच ही नोंद ठरलेल्या वेळेआधी लिहीत आहे.

आधी बोपदेव ते भुलेश्वर एका दिवसात सायकलने गाठण्याच्या माझ्या तिसऱ्या प्रयत्नाविषयी. पहाटे कोंढव्यातून निघून बोपदेव घाट चढले, कानिफनाथाच्या डोंगरावर उजाडले, आणि तिथून माळावरच्या गाडीवाटांनी दिवे घाटाच्या माथ्याकडे वळले तोवर दिवस अगदी मनासारखा चालला होता. गवत आता पुरते पिवळे पडले आहे आणि कुसळे पिकली आहेत. दव पडले की त्यांच्या पिळलेल्या शेपट्या उलगडतात, ऊन चढले की पुन्हा पिळतात, आणि या उलगडण्या-पिळण्यातच ती मोज्यांतून आत शिरत राहतात. झेंडेवाडीपर्यंत तीन वेळा हवा भरावी लागली. चौथ्यांदा चाक बसले ते मल्हारगडाच्या पायथ्याशी, आणि तिथे मी पंप पिशवीत ठेवून दिला. ओळखीच्या एका घरी सायकल लावली आणि गड पायी चढले.

त्या चढण्याचे मोल मला वर पोहोचल्यावर कळले. मल्हारगड हा सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधलेला छोटा त्रिकोणी किल्ला, आणि आपल्या रांगेवरचा माझ्या मते सर्वांत चांगला सज्जा. दक्षिणेकडे डावीला वज्रगड, उजवीला पुरंदर आणि मधे भैरवखिंडीची खाच इतकी स्वच्छ दिसत होती की दुर्बीण काढावीशीही वाटली नाही. खाली कऱ्हेच्या खोऱ्यात धुके पाण्यासारखे सपाट पसरले होते आणि त्यातून फक्त मोठ्या झाडांचे शेंडे वर आलेले होते. बालेकिल्ल्यात खंडोबाच्या आणि महादेवाच्या देवळांपाशी मी तासभर एकटीच बसून होते. सायकलवर असते तर दहा मिनिटांत फोटो काढून सोनोरीच्या बाजूने उतरले असते.

उतरताना झेंडेवाडीच्या अंगाला एक मेंढपाळ आजोबा भेटले. पिशवीतला पंप पाहून त्यांनी काय झाले ते विचारले, मी सराट्याचे नाव घेतले, तर ते म्हणाले, “ताई, सराटा गाडीवाटंलाच माजतो. आमच्या मेंढरांच्या वाटंनं जावा, तिथं न्हाई घावायचा.” घरी येऊन आधीच्या सहाही नोंदींतल्या पंक्चरच्या जागा नकाशावर टिपल्या, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. सराटा उकरलेल्या, तुडवलेल्या, उघड्या मुरमाची जागा धरतो. गवताने झाकलेल्या माळावर त्याला थारा मिळत नाही. पावसाळ्यात पिवळ्या फुलांची ती वेल जमिनीसरशी पसरते, आणि वाळली की तिचे फळ पाच तुकड्यांत फुटते. तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर रोखलेलाच असतो.

मात्र गळती सराट्याची नव्हती. चाक उतरवून पाहिले तेव्हा टायरच्या पाठीत ३१ काटे मोजले. त्यातले बहुतेक सराट्याचे होते आणि प्रत्येकाभोवती सीलंटचा (भोके बुजवण्यासाठी टायरमध्ये घातलेल्या चिकट द्रवाचा) ठिपका धरून सुकलेला होता, म्हणजे सीलंटने आपले काम चोख केले होते. चाक पाण्याच्या टबात फिरवले, पण पाठीतून एकही बुडबुडा आला नाही. बुडबुडे येत होते ते व्हॉल्व्हच्या बुडातून. साहजिकच मी व्हॉल्व्ह बदलला. दुसऱ्या दिवशी त्याचे रबर बदलले. तिसऱ्या दिवशी नट इतका आवळला की बोटे दुखली, आणि तेव्हा व्हॉल्व्हपाशी बुडबुडे थांबून समोरच्या बाजूच्या दोन आऱ्यांच्या निपलांतून (आरे रिमला धरून ठेवणाऱ्या नटांतून) येऊ लागले.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिम आतून पोकळ असते. आऱ्यांची भोके झाकण्यासाठी रिमला आतून चिकटवलेल्या टेपखालून हवा एकदा त्या पोकळीत शिरली की ती मिळेल त्या भोकातून बाहेर पडते, मग ते व्हॉल्व्हचे असो की निपलचे. बुडबुडा जिथे दिसतो तिथे फक्त हवेचे बाहेर पडायचे दार असते, गळती दुसरीकडेच असते. सीलंट ही गळती का बुजवू शकत नाही, तेही मग उमगले: चाक फिरते तेव्हा सीलंट बाहेरच्या बाजूला, टायरच्या पाठीला जाऊन चिकटतो आणि रिमचा तळ कोरडाच राहतो. तुम्ही ११० मिली घाला नाहीतर २०० मिली घाला, टेपला पडलेल्या भोकापर्यंत तो सहसा पोहोचत नाही.

टायर पूर्ण उलटा केला आणि आतून बोट फिरवले, तर बोटाच्या टोकाला बाभळीचा काटा लागला. बाहेरून तो रबराशी सपाट होता, आत मात्र चांगला दीड सेंटिमीटर उभा होता, लाकडासारखा टणक, टोकाला काळा पडलेला. चौथ्या नोंदीत मी लिहिले होते की काटा उपटू नये, बाहेरून कापून आतच ठेवावा, म्हणजे तोच बूच होतो. सराट्याच्या आखूड काट्याला हे लागू पडते. बाभळीच्या लांब काट्याला लागू पडत नाही, कारण कमी हवेवर दगडावरून जाताना टायर रिमपर्यंत दबतो आणि तो काटा सुईसारखा थेट टेपमध्ये घुसतो. टेपवर टॉर्च तिरपा धरल्यावर ते भोक दिसले. त्या भोकापासून जवळच्या आऱ्याच्या भोकापर्यंत, टेपखाली, सुकलेल्या सीलंटची पिवळसर, केसाएवढी रेघ गेलेली होती. हवेने आपली वाट स्वतःच आखून ठेवली होती. ती रेघ पाहिल्यावर मला झालेला आनंद कानिफनाथावरच्या उजाडण्यापेक्षा कमी नव्हता.

एवढ्या लांबून हवा टेपखालून सरकू शकली याला दुसरेही कारण होते. माझ्या रिमची आतली रुंदी २५ मिमी आहे आणि ज्या दुकानात मी ट्यूबलेस करून घेतले तिथे २४ मिमीची टेप लावली होती. टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्तच असायला हवी, म्हणजे ती दोन्ही कडांवर थोडी चढते. नाहीतर कड उचलली जाते आणि सीलंट खाली शिरून चिकटपणा घालवतो. मी त्या वेळी मोजून घेतले नाही. तुम्ही दुकानात उभे राहून टेपची रुंदी विचारा.

दुरुस्ती अशी केली. जुनी टेप काढून रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा पुसली, २८ मिमीच्या टेपचे दोन वेढे ताणून लावले, आणि व्हॉल्व्हचे भोक पात्याने न कापता तापवलेल्या दाभणाने पाडले, कारण पात्याचा चरा पुढे फाटत जातो. रात्रभर आत ट्यूब घालून भरपूर हवा ठेवली, म्हणजे टेप तळाशी दाबून बसते. बाभळीचा काटा उपटून त्या जागी रबराची वात घातली. सीलंट मी देशीच वापरते. त्यात रबराचे कण जरा जाड असतात, व्हॉल्व्हची सुई दर महिन्याला साफ करावी लागते, पण माळावर मला तो महागड्या परदेशी सीलंटपेक्षा उजवा वाटला आहे. झटपट हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या मात्र मी कायमच्या सोडल्या. त्या थंडगार वायूने सीलंटमधल्या लॅटेक्सच्या गुठळ्या होतात.

बाभळीचा काटा आला कुठून, याचा विचार करताना लक्षात आले की सोनोरीकडच्या शेतांना बाभळीच्या फेसाट्या (काटेरी फांद्या) ओढून कुंपण घातलेले असते आणि गाडीवाट नेमकी त्या कुंपणाला घासून जाते. म्हणजे सराटाही गाडीवाटेवर आणि बाभूळही गाडीवाटेवर.

हे लिहिता लिहिता डिसेंबरचा बेतच बदलावासा वाटू लागला आहे. बोपदेव ते भुलेश्वर एका दिवसात सायकलने, हा हट्ट मी सोडत आहे. मेंढरांच्या वाटांवर सायकल घालणे मला पटत नाही, कारण त्या गवतात चंडोल आणि टिटव्या जमिनीवरच घरटी करतात आणि हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी तिथेच रात्रीला उतरतात. सरकारी कागदांवर ज्याला पडीक म्हणतात आणि जिथे उत्साहाने गिरिपुष्प हे बाहेरून आणलेले झाड लावले जाते, तो माळ खरे तर भरलेला आहे, आणि तो चाकांखाली यावा असे मला वाटत नाही. म्हणून आता दिवे घाटापर्यंत सायकल, झेंडेवाडीत मुक्काम, आणि मल्हारगडापासून रांगेवरच्या पुढच्या ढवळगड किल्ल्याकडे पायी, असे दोन दिवस करते. ढवळगडाजवळच्या आंबळे गावाहून पुढे भुलेश्वरला पायी जायचे की तोवर कुणाकडून सायकल आणवून घ्यायची, हे अजून ठरत नाही. मल्हारगडाच्या पूर्वेच्या धारेवरून मेंढरांची वाट किती लांबवर जाते हे कुणी चालून पाहिले असेल, तर मला जरूर कळवावे.

दोन रात्री झाल्या. परवा २४ भरले होते, आज सकाळी गेज लावला तेव्हा काटा २३ वर होता.