चाळीस टक्के म्हणजे चाळीस लाख नव्हे

मार्केट यार्डातल्या बेदाणा-हळदीच्या एका कंपनीचा एकत्रित ताळेबंद (ती आणि तिच्या ताब्यातली कंपनी मिळून एकच) तपासताना ‘इतर दीर्घकालीन देणी’ या सदरात ४० लाखांची एक ओळ दिसली. खुलासा विचारला तर अकौंटंट म्हणाले, “साहेब, तो मायनॉरिटी इंटरेस्ट. तासगावच्या कंपनीत बाहेरच्यांचे चाळीस टक्के आहेत, भांडवल एक कोटी, म्हणून चाळीस लाख.”

या कंपनीकडे तासगाव भागातल्या बेदाणा प्रोसेसिंग आणि कोल्ड स्टोरेज करणाऱ्या कंपनीचे ६० टक्के शेअर्स. बाकी ४० टक्के मूळ बागायतदार कुटुंबाने ठेवलेले. दोन्ही प्रायव्हेट लिमिटेड. शेअर बाजारात नसलेल्यांना एकत्रित हिशेब लागत नाहीत, असं आपल्याकडे अजून बरेच जण धरून चालतात. पण कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२९(३) नुसार सबसिडीअरी, म्हणजे ताब्यातली कंपनी, असली की, मोजके अपवाद सोडले तर, ते करावेच लागतात आणि सोबत एओसी-१ हा सबसिडीअरीच्या ठळक आकड्यांचा फॉर्म जोडावा लागतो.

अकौंटंटांनी एक काम बरोबर केलं होतं: सबसिडीअरीची मालमत्ता आणि देणी पूर्ण १०० टक्के घेतली होती. काही जण प्रत्येक ओळीला ६० टक्क्यांनी गुणतात, ते साफ चूक. ताबा असेल तर सगळं घ्यायचं आणि त्यातला बाहेरच्यांचा वाटा एका वेगळ्या ओळीत दाखवायचा. हा वाटा कर्ज नाही. तो कुणाला परत द्यायचा नसतो, म्हणून देण्यांत बसत नाही; आणि होल्डिंगच्या, म्हणजे ताबा ठेवणाऱ्या कंपनीच्या, भागधारकांचाही नाही, म्हणून त्यांच्या निधीत मिसळत नाही.

आता रक्कम. बाहेरच्यांचा हक्क दर्शनी भांडवलापुरता नसतो, निव्वळ मालमत्तेवर असतो, म्हणजे भांडवल अधिक राखीव निधी. शेअर्स घेतले त्या तारखेला सबसिडीअरीचं भांडवल १ कोटी, राखीव ५० लाख. दीड कोटीचे ४० टक्के ६० लाख, ही सुरुवात. नंतर गेल्या वर्षअखेरपर्यंत राखीव ७० लाखांनी वाढला, त्यातले २८ लाख त्यांचे. झाले ८८. यंदा करानंतरचा नफा ३० लाख, त्यांचा वाटा १२. लाभांश १० लाख वाटला, त्यातले ४ त्यांनी घरी नेले. शिल्लक ९६ लाख. पडताळा सोपा: आजची निव्वळ मालमत्ता २ कोटी ४० लाख, तिचे ४० टक्के ९६ लाख. हे दोन आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

चूक एका ओळीपुरती थांबत नाही, हे इथे नीट दिसतं. होल्डिंगने ६० टक्क्यांसाठी १ कोटी ८ लाख मोजले होते. अकौंटंटांनी ते फक्त ६० लाख भांडवलाशी काटले आणि गुडविल, म्हणजे विकत घेतलेल्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम, ४८ लाख दाखवलं. खरेदीच्या दिवशीच्या राखीव निधीतला वाटा धरला तर विकत घेतलेली मालमत्ता ९० लाखांची, गुडविल फक्त १८. म्हणजे गुडविल ३० लाखांनी जास्त, मायनॉरिटी ५६ लाखांनी कमी, आणि हे ८६ लाख होल्डिंगच्या राखीव निधीत फुगलेले. सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज) देणारी बँक नेमका तोच निधी पाहते.

म्हणून खरेदीच्या तारखेचा सबसिडीअरीचा ताळेबंद कायमच्या फाईलमध्ये असायलाच हवा. वर्षाच्या मधे शेअर्स घेतले आणि त्या दिवसाचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) काढून ठेवला नाही, की आधीचा नफा कोणता आणि नंतरचा कोणता हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा मालाचा. बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्यामुळे ३१ मार्चला गोदामं भरलेली असतात. सबसिडीअरीने यंदा प्रथमच होल्डिंगला बेदाणा विकला होता, खर्चावर १५ टक्के चढवून. त्यातला ४६ लाखांचा माल वर्षअखेरीला शिल्लक. गटाच्या दृष्टीने तो अजून विकलाच गेलेला नाही, त्यामुळे त्यातला ६ लाखांचा नफा सगळा वजा करायचा, ६० टक्के नव्हे. विकणारी सबसिडीअरी असल्यामुळे यातला ४० टक्के भार, २.४० लाख, बाहेरच्यांच्या वाट्यावर येतो. ९६ चे झाले ९३.६० लाख, आणि नफा-तोटा पत्रकात त्यांचा हिस्सा १२ ऐवजी ९.६०. विक्री उलट दिशेने असती, तर सगळा भार होल्डिंगवर. एएस २१ या एकत्रित हिशेबांच्या लेखामानकाप्रमाणे दोन्ही कंपन्यांच्या करखर्चाची फक्त बेरीज होते, त्यामुळे या ६ लाखांपोटी कर बदलायचा नाही. इंड एएस या मुख्यतः मोठ्या कंपन्यांच्या लेखामानकांमध्ये मात्र स्थगित कर, म्हणजे पुढे लागू होणारा कराचा परिणाम, धरावा लागतो.

होल्डिंगला मिळालेला ६ लाख लाभांश इतर उत्पन्नातून काढला. तो गटाच्या एका खिशातून दुसऱ्यात गेलेला पैसा.

संध्याकाळी बागायतदार कुटुंबातले थोरले आले होते. आकडा पाहून म्हणाले, “मग आमच्या शेअर्सला हीच किंमत मिळंल का?” त्यांना स्पष्ट सांगावं लागलं, “अण्णा, हा पुस्तकी वाटा आहे, बाजारभाव नव्हे. कोल्ड स्टोरेजची जागा जुन्या किमतीलाच लागलेली आहे.” त्यांनी लगेच पुढचं विचारलं, आणि ते अगदी नेमकं होतं: तोटा झाला तर? एएस २१ मध्ये तोटा त्यांचा वाटा शून्य होईपर्यंत त्यांच्या नावावर जातो. त्यापुढचा, त्यांनी भरून देण्याचं बंधन आणि ऐपत नसेल, तर होल्डिंगच्या अंगावर. नंतर नफा झाला की होल्डिंगने सोसलेलं आधी भरून निघतं. इंड एएस ११० मध्ये तसं नाही, तिथे त्यांचा वाटा उणेही जातो.

शिल्लक बेदाणा पुढच्या वर्षी बाहेर विकला गेला की २.४० लाख त्यांच्या वाट्याला परत येतील. त्यासाठी त्या मालाची लॉटवार यादी वर्किंगला, म्हणजे हिशेबाच्या कागदांना, जोडून ठेवली आहे.