‘आउटप्ले’चं कर्म सापडेपर्यंत

‘आउटप्ले’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ, म्हणजे समोरच्यापेक्षा सरस खेळणं, मला पहिल्यापासून ठाऊक होता. अडायचं ते कर्मापाशी. मराठीत आपण सामना जिंकतो आणि प्रतिस्पर्ध्याला हरवतो. ‘आउटप्ले’ या दुसऱ्या जातीतलं. त्याला समोर माणूस किंवा संघच लागतो. ‘वुई आउटप्लेड द मॅच’ चूक, ‘वुई आउटप्लेड देम’ बरोबर. ‘त्यांच्याविरुद्ध’ मनात असल्यामुळे मध्ये ‘अगेन्स्ट’ घुसतं, तेही काढायचं. ‘रन’चं ‘आउटरन’ होतं तसंच इथे आहे: ‘आउट’ लागलं की ‘-पेक्षा सरस’ हा अर्थ क्रियापदाच्या पोटातच येतो. म्हणून पुढे ‘बेटर’ही नको.

कर्मणी प्रयोगात ‘त्यांच्याकडून’ आडवं येतं आणि हातून ‘आउटप्लेड फ्रॉम देम’ लिहून जातं. तिथे ‘बाय देम’ हवं. जोर द्यायचा तर ‘व्हेरी’ चालत नाही, ‘कम्प्लीटली आउटप्लेड’ म्हणायचं. आणि शब्दांची उलटापालट मुळीच नको: ‘प्लेड आउट द ओव्हर’ म्हणजे षटक खेळून काढलं.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे या क्रियापदात निकाल नसतो. बुद्धिबळात एखाद्यानं चालीमागून चाल सरस खेळून जिंकती स्थिती मिळवली आणि ऐनवेळी त्याच्या घड्याळातला वेळ संपला, तर डाव गेला. तरीही ‘ही आउटप्लेड हिज अपोनंट, बट लॉस्ट ऑन टाइम’ हे वाक्य चोख आहे. ‘बीट’ घातलं तर तेच वाक्य स्वतःला खोटं पाडतं. म्हणून मराठीत आणताना ‘पराभव केला’ असं डोळे मिटून लिहू नये. ‘वरचढ ठरला’ किंवा ‘सरस खेळला’ म्हणावं. निकालही सांगायचा असेल तर ‘सरस खेळ करून नमवलं’.

भावंडांची गल्लत टाळायला मी एकच प्रश्न विचारते: सरस काय ठरलं? खेळ असेल तर ‘आउटप्ले’, डोकं असेल तर ‘आउटविट’ (भूतकाळात ‘टी’ दोनदा), आणि दोघांचा दर्जाच जुळत नसेल तर ‘आउटक्लास’. ‘आउटडू’चा भूतकाळ मात्र ‘आउटडिड’, कर्मणीत ‘आउटडन’.

बोलताना आघात ‘प्ले’वर द्यायचा. ‘आउट’वर दिला की क्रिकेट ऐकणाऱ्या कानाला कुणीतरी बाद झाल्यासारखं वाटतं.