स्विंडनचा पगार आणि पेन्शन

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गेलेले आमचे गोवेकर सुट्टीवर आले की पगाराचं भरभरून बोलतात, पेन्शनचा विषय कोणी काढत नाही. तिथे 2012 पासून टप्प्याटप्प्याने नियम आला की मालकानेच कामगाराचं नाव पेन्शनमध्ये घालायचं, पण वय किमान 22 आणि एकाच नोकरीत वर्षाला 10,000 पौंडांच्या वर कमाई हवी, म्हणजे सकाळी क्लीनिंग नि रात्री वेअरहाऊस करून 8-8 हजार मिळवणारा बाहेरच (दोन्ही मिळून धरत नाहीत, हा कसला न्याय!). स्वतःच्या धंद्यावर टॅक्सी चालवणारा तर यात येतच नाही. पाकिस्तानी, बांगलादेशी कामगार या पेन्शनमध्ये सगळ्यात कमी दिसतात त्यामागे हेही एक कारण. आणि एका नोकरीत वर्षाला 6,240 पौंडांच्या वर कमाई असेल तर स्वतः मागून नाव घालता येतं, मग मालकालाही पैसे भरावेच लागतात, ते मात्र कोणी सांगत नाही.