तुम्ही विचारलंत म्हणून : फोटो बघून मी ‘खा’ का म्हणत नाही

मृगाचा पाऊस लागला की फोटो यायला सुरुवात होते. स्टीलच्या ताटात मांडलेली, धुतलेली, देठ छाटलेली अळंबी आणि खाली एक ओळ : ‘सांगा की ओ, खाण्यासारखी हाय काय?’ मी हो-नाही सांगायचं टाळतो. मग दुसरा मेसेज येतो : ‘एवढं माहीत असून सांगायला काय होतंय?’ काय होतं, ते आज लिहितो.

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडची एखादी आजी असा फोटो कुणाला पाठवत नाही, कारण ती आधी जागा ओळखते. अमक्या बांधाखालचं वारूळ, तमक्या किंदळीच्या बुंध्याजवळची माती. आषाढात चार दिवस पाऊस पडून दमट ऊन पडलं की तिथे वर येणार, हे तिनं आईबरोबर जाऊन पाहिलेलं असतं. वारुळाची अळंबी (गोव्याच्या बाजूला रोवणाची अळमी) म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी जमिनीखाली चावलेल्या पाल्यापाचोळ्याची स्पंजासारखी पोळी रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. अळंबी त्या पोळीतून निघते. म्हणून तिच्या देठाला खाली मुळासारखी लांब, निमुळती, बहुधा काळपट शेपटी असते, कधी वीतभर, कधी हातभर. माती फोडून वर यायचं असल्यामुळे टोपीच्या मधोमध टोक असतं. बुडाशी पिशवी नसते. आजी काठीनं माती उकरते आणि शेपटी हाताला लागली की पुढचं बघते. तुमच्या ताटात ती शेपटी नसते. ती तुम्ही रानातच ठेवून आलेला असता.

‘तुम्हीच पूर्वी सांगायचात की,’ असंही कुणीतरी म्हणतं. सांगायचो. नाही सांगितलं तरी लोक खाणारच, मग माझा अंदाज निदान त्यांच्या अंदाजापेक्षा बरा, असं माझं तेव्हाचं म्हणणं होतं. ते आजही मला पूर्ण खोडता येत नाही.

एका श्रावणात बेळगाव शहरातून फोटो आला. पाच-सहा टोप्या, पांढऱ्या, तळहाताएवढ्या, मधोमध तपकिरी डाग. उलट्या ठेवलेल्या एकीचे कल्ले, म्हणजे टोपीखालचे पातळ पडदे, पांढरेशुभ्र. मी लिहिलं, ‘वारुळाची दिसते.’ रात्री आठला जेवण झालं. साडेदहाला पहिली उलटी. बारापर्यंत जेवलेले चौघेही उलट्या-जुलाबांनी आडवे. घरातल्या आजींना दोन दिवस सलाईनवर ठेवावं लागलं. सगळे वाचले. पण त्या रात्री साडेदहाच्या सुमाराला माझ्या फोनवर पुन्हा तोच फोटो आला होता, त्याखाली काहीही न लिहिता.

फ्रिजमध्ये एक कच्ची टोपी उरली होती. दुसऱ्या दिवशी ती कागदावर पालथी घातली. संध्याकाळपर्यंत कागदावर मळकट हिरवी भुकटी (कल्ल्यांतून गळणारे बीजाणू) पडली. वारुळाच्या अळंबीची भुकटी फिकट गुलाबी पडते. हिरवी पडते ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी अळंबीची. ती वारुळावर येत नाही. हिरवळीवर, गायरानात, शेणखत टाकलेल्या जागी उगवते, पुष्कळदा गोल रिंगणात. ती कुठे उगवली होती, हे मी विचारलंच नव्हतं. एका इमारतीपुढच्या लॉनवर.

फोटो चुकीचा नव्हता, अपुरा होता. मधला तपकिरी डाग मला टोक वाटला. टोपीवरचे खवले धुताना निघून गेले होते. देठावर हलणारं कडं असतं, ते छाटलेल्या देठाबरोबर कचऱ्यात गेलं. बुडाचा फुगीर भाग मातीतच राहिला. आणि कल्ले हिरवट होतात ते टोपी जून झाल्यावर. कोवळेपणी ते पांढरेच असतात. ओळख पटवणाऱ्या खुणा कॅमेऱ्यापुढे येण्याआधीच गेल्या होत्या, नाहीतर अजून आल्याच नव्हत्या.

‘मी फक्त “दिसते” म्हटलं होतं, “खा” म्हटलं नव्हतं,’ हे वाक्य मी पुढे बरेच महिने वापरलं. व्याकरण बरोबर आहे. पण कढई चुलीवर असताना ‘दिसते’ आणि ‘खा’ यांत फरक उरत नाही, हे मला माहीत होतं.

ती अळंबी उलट्यांवर थांबली, हे त्या घराचं नशीब. अमानिता वंशातल्या काही जाती तशा नाहीत. त्यांचे कल्ले पांढरे, भुकटी पांढरी, देठाला कडं, बुडाशी पिशवी, आणि ही पिशवीही मातीतच राहते. त्यांतल्या जिवावरच्या जातींचं विष उकळून, तळून जात नाही. जेवणानंतर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, माणूस घरी यायला बघतो, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण काळा झाला नाही, किड्यांनी खाल्लीय म्हणजे चालते, या तिन्ही परीक्षा खोट्या आहेत. माणसाला मारणारं विष गोगलगाय बिनदिक्कत पचवते.

दोन-तीन वर्षांपासून आणखी एक प्रश्न वाढलाय. परदेशातले व्हिडिओ बघून लोक विचारतात : ती पिवळी, नरसाळ्यासारखी शँटरेल आपल्या खानापूरच्या रानात मिळते का? शँटरेल म्हणजे कॅन्थरेलस वंशातली अळंबी. ती जिवंत झाडाच्या मुळांशी जोडून जगते; युरोपात ओक, बीच, पाइन, स्प्रूसच्या खाली, उन्हाळ्यापासून शरदापर्यंत. म्हणूनच तिची शेती जमलेली नाही. आपल्याकडचे किंदळ, ऐन, जांभूळ, साग या जोडणीतले नाहीत. पश्चिम घाटात दक्षिणेला या वंशातल्या जाती सापडल्या आहेत, खानापुरात माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा इथे पिवळी दिसली तर आधी संशय धरा.

आणि तिचीही ओळख हातातच पटते. टोपीखाली सुटे कल्ले नसतात; बोथट, फाटे फुटलेल्या सुरकुत्या देठावर उतरत जातात आणि नखानं खरवडल्या तरी वेगळ्या निघत नाहीत. उभी चिरली तर देठ भरीव, आतून पांढरट. वास जर्दाळूसारखा. एकेकटी, मातीतून. तिच्यासारखी दिसणारी ऑम्फॅलोटस झुबक्यानं लाकडावर किंवा पुरलेल्या मुळांवर येते, आतूनही नारिंगी असते आणि बेदम उलट्या करवते. कोर्टिनेरियस वंशातल्या काही जाती मूत्रपिंडं घालवतात, आणि तेही पुष्कळदा काही दिवसांनी, जेव्हा जेवणात काय होतं हे कुणाला आठवतही नाही. २००८ साली स्कॉटलंडमध्ये चौघांनी एकत्र बसून कोर्टिनेरियसचीच अळंबी खाल्ली. त्यांतल्या एकाला पुढे त्याच्या मुलीनं आपलं मूत्रपिंड दिलं. आता मला सांगा, नखाची खरवड आणि जर्दाळूचा वास मी फोनमध्ये कुठे शोधू?

विचारायचंच असेल तर धुण्याआधी विचारा. एक कोवळी आणि एक पूर्ण उघडलेली, दोन्ही बुडासकट उकरून काढा. वरून, खालून, उभी चिरून आणि उगवलेल्या जागेचा, असे फोटो घ्या. मग एका टोपीचा देठ कापून ती अर्धी पांढऱ्या, अर्धी काळ्या कागदावर पालथी घाला, वर पाण्याचा एक थेंब, त्यावर वाटी, रात्रभर. ‘तोवर बाकीची नासते,’ असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. वारुळाची अळंबी त्याच दिवशी खावी, दुसऱ्या दिवशी ती पाणी सोडते, आत अळ्या होतात. याला माझ्याकडे उपाय नाही. आणि एवढं सगळं पाठवलंत तरी मी ‘ही अमुक नाही’ एवढंच ठामपणे सांगेन.

उकरताना वारूळ फोडू नका, शेपटी तुटली तर तुटू द्या. पूर्ण उघडलेल्या चार-दोन तिथेच सोडा; बहुतेक जातींत नव्या वारुळातली वाळवी याच भुकटीतून आपली बुरशी मिळवते. खानापूर तालुक्यातलं भीमगडचं रान २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून विनापरवाना काहीही उचलायचं नाही. मालकीच्या बांधावरची वारुळं पुरेशी आहेत.

खाऊन उलट्या लागल्या तर ताक-लिंबू करत बसू नका. किती वाजता खाल्लं आणि किती वाजता सुरू झालं, हे लिहून घ्या. सहा तासांनंतर सुरू झालं असेल तर मोठं हॉस्पिटल गाठा आणि बरं वाटलं तरी डॉक्टर म्हणेपर्यंत घरी येऊ नका. जाताना उरलेली अळंबी आणि कचऱ्यातली देठं-बुडं कागदात गुंडाळून न्या, प्लास्टिकमध्ये ती कुजतात.

म्हणून हल्ली प्रत्येक फोटोला मी एकच उत्तर देतो : एक अळंबी कच्ची, न धुता, मातीसकट कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. हे वाचून काहीजण समजतात की बाकीची खायला मी परवानगी दिली. तसं नाही हे मी दर वेळी पुढे लिहितो. तोवर पलीकडे कांदा परतायला सुरुवात झालेली असते.