42 अधिक 38 बरोबर 4238: वेब डेव्हलपमेंट शिकायला काय धरलं, काय सोडलं

मी रावेर तालुक्यातला, बी.कॉम. झालेला, शाळा मराठी मीडियम. वेब डेव्हलपमेंट शिकायचं ठरवलं आणि पहिले दोन महिने हे बघू का ते बघू यातच गेले. मोबाइलमध्ये चाळीसेक प्लेलिस्ट सेव्ह, स्वतः लिहिलेली ओळ एकही नाही. जळगावच्या एका क्लासवाल्याने 35 हजार फी सांगितली, वर नोकरीची हमी. लिहून द्या म्हटलं तर चहा मागवला. निघून आलो.

मग हिंदीतली एक मोठी प्लेलिस्ट धरली. सर टाइप करतात तसं मी पण टाइप करतो, सगळं चालतं, लय भारी वाटतं, आणि व्हिडिओ बंद केला की डोकं कोरं. त्यात व्हिडिओ जुना, दोन कॉलम शेजारी आणायला फ्लोट शिकवत होते, जिथे आता सरळ फ्लेक्सबॉक्स वापरतात. रिअ‍ॅक्टचं (वेबपेज बांधायचं एक तयार साधन) पण तेच, हुक्स ही त्यातली नवी पद्धत आली 2019 ला आणि मी त्याच्या आधीची क्लास कंपोनंटची पद्धत घोकत बसलेलो. एचटीएमएलचा, म्हणजे पानाच्या सांगाड्याचा, जुना व्हिडिओ एकवेळ चालतो भो, पण रिअ‍ॅक्टचा बघायच्या आधी तारीख बघा.

दुसरी गोष्ट डेटा. रोजचा दीड जीबी, त्यात घरातले दोन जण हॉटस्पॉट मागणार, आणि लाइट गेली की टॉवरची रेंज पण जाते. म्हणून फ्रीकोडकॅम्प या कोडिंग शिकायच्या साइटवर आलो. फुकट आहे, वाचायचं आणि तिथेच ब्राउझरमध्ये कोड लिहायचा, चुकलं तर पुढे सोडत नाही. इथे पहिल्यांदा हात चालायला लागला. ओडिन प्रोजेक्ट (असाच दुसरा ऑनलाइन कोर्स) पण बघितलं, मला ते जास्त आवडलं खरं तर, पण ते लिनक्स नाहीतर मॅक मागतं, विंडोज असेल तर आत लिनक्स बसवा, आणि माझा लॅपटॉप सेकंडहँड, 4 जीबी रॅमचा, क्रोमच्या पाच टॅबमध्येच धापा टाकतो. ठेवून दिलं बाजूला.

खरा फरक पडला तो काकांच्या केळीमुळे. म्हटलं काकांना हिशोबाचं एक पान बनवून देऊ, गाड्यांचं वजन टाका, क्विंटलचा भाव टाका, रक्कम येईल. पहिली गाडी 42 क्विंटल, दुसरी 38, भाव 1500. बटण दाबलं, आले 63 लाख 57 हजार! काका म्हणे, "येवढे पैसे भेटले तं तुले लॅपटॉप काय, कंपनीच घेऊन देतो."

यायला हवे होते 1 लाख 20 हजार. दीड दिवस शोधलं. एका गाडीचा हिशोब बरोबर येतो, दोन गाड्यांचाच बिघडतो, म्हणून तर अजून गोंधळ. व्हिडिओत असं काही सापडेना, कारण व्हिडिओत सरांचं कधी चुकतच नाही. शेवटी एमडीएन उघडलं, वेबच्या भाषांची सगळी माहिती देणारी साइट, जी आधी इंग्रजी जड म्हणून टाळत होतो. तिथे कळलं की इनपुटमधून, म्हणजे पानावरच्या चौकटीतून, येते ती किंमत स्ट्रिंग असते, आकडा नाही तर नुसता मजकूर, आणि अधिकचं चिन्ह दोन स्ट्रिंग बेरीज न करता चिकटवतं. 42 ला 38 चिकटून 4238 क्विंटल झाले. गुणाकारात मात्र जावास्क्रिप्ट, म्हणजे ज्या भाषेत हिशोब लिहिला ती, स्वतःच आकडा करून घेते, म्हणून एका गाडीला कधी चुकलं नाही. दोन्ही वजनांना मजकुराचा आकडा करणारं नंबर लावलं, झालं.

तेव्हापासून कोर्स एकच, फ्रीकोडकॅम्प. अडलं की आधी डब्ल्यूथ्रीस्कूल्सवर छोटं उदाहरण बघतो, नाही कळलं तर एमडीएन, तिथे आधी खालचं उदाहरण वाचायचं आणि मग वरची व्याख्या. व्हिडिओ फक्त डोक्यात काहीच शिरेना तेव्हा. बाकी प्लेलिस्ट डिलीट मारल्या.

पान गिटहब पेजेसवर, म्हणजे इंटरनेटवर पान ठेवायच्या एका सोयीवर, फुकटात चढवलंय, काका मोबाइलवर उघडतात. परवा फोन आला, जुलै चालू आहे आणि तुझ्या पानावर सहावा महिना काहून दिसतो? एमडीएनवर बघितलं तर जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. आज रात्री एक मिळवून टाकतो, लाइट राहिली तर.