खुनी माहीत असूनही

तुम्ही विचारलंत म्हणून. खुनी कोण ते पाठ आहे, तरी इंग्रजी बंगल्यातली तीच जुनी रहस्यकथा पुन्हा का वाचते, हे नणंद विचारते, ऑफिसात विचारतात, परवा मुलीनंही विचारलं. आजवर 'कोडं सुटताना मजा येते' म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नाही. १९२० साली आलेली 'द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स' ही अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी. युद्धकाळात बाई टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं तयार करत होत्या, त्यामुळे विषाचा हिशेब चोख आहे. पण कोडं एकदा सुटलं की सुटलं. त्यासाठी कोण पुन्हा वाचेल?

त्यात एक जागा आहे. घरची म्हातारी मालकीण पहाटे झटके येऊन मरते. गोष्ट सांगणारा हेस्टिंग्ज सगळी हकीकत सांगतो, तर त्याचा गुप्तहेर मित्र हर्क्युल प्वारो म्हणतो, महत्त्वाचं राहिलंच: रात्री बाई नीट जेवल्या होत्या का? हेस्टिंग्जला वाटतं, याचं डोकं फिरलं.

आमची आजी गेली तेव्हा मी हॉस्टेलवर होते. घरी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. माजघरात तिची खाट भिंतीला उभी केलेली, उशाशी असायचा तो तांब्या घासून पालथा घातलेला. ओसरीवर काकामंडळींचं चाललं होतं, सातबाऱ्यावर कुणाची नावं लावायची, पाटल्या कुणाकडे आहेत. मी विचारलं, "रात्री जेवली होती का ती?" कुणी बोललं नाही. मग थोरले काका म्हणाले, "वय झालं होतं, सुटली. आता ते विचारून काय करायचंय?" काकू तर अशा बघायला लागल्या, जसा काही मी आळच घेतला. मला कुणावर संशय नव्हता. आजही नाही. तिची शेवटची रात्र कशी गेली, एवढंच हवं होतं. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

स्टाइल्समध्ये प्वारो, एक परदेशी निर्वासित, त्या मालकिणीनं आसरा दिला याची जाण ठेवून, कॉफीचं, कोकोचं, शेगडीत जळालेल्या कागदाचं विचारत फिरतो, आणि घरच्यांना उत्तरं द्यावी लागतात.

पळवाट म्हणता? म्हणा. विशीत मीही स्वतःला हेच सुनवायची. तेव्हा पटायचं, आता निम्मंच पटतं. पण खून नसता तर प्वारोनं तरी तिच्या जेवणाची चौकशी केली असती का? नसती केली. साध्या मरणाला पुस्तकातही कुणी विचारत नाही. हे मला खटकतं, दर वेळी जास्तच खटकतं, आणि तरी मी ते पुन्हा वाचणार आहे.